सातवी युक्ती

रेकॉर्डवाल्या काकांच्या बायकोचं बोलणं मी पुसलं. मुद्दाम नाही, मदत म्हणून. पण पुसलं मीच. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे मी माझी बाजू मांडायला लागेन आणि ती तुम्हाला पटेलसुद्धा. बाजू मांडण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

माझा धंदा घरोघरी जाऊन कॉम्प्युटर ठीक करण्याचा. दहातल्या सात घरी तो बिघडलेलाच नसतो. वायर सैल झालेली असते, नाहीतर कोणीतरी आवाज शून्यावर नेलेला असतो आणि घरातली चार माणसं 'स्पीकर गेला' म्हणून तोंड पाडून बसलेली असतात. तेच तेच सांगून माझा घसा बसायला लागला, तेव्हा मी एक कागद छापून घेतला. 'घरच्या कॉम्प्युटरसाठी सतरा सोप्या युक्त्या.' पहिली युक्ती: मला फोन करण्याआधी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. त्या एका ओळीनं माझं निम्मं काम गेलं. माझी थोरली बहीण म्हणते, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं पुष्कळ असतात, पण तो छापून वाटणारी तू एकटीच.

कागद मात्र चांगला होता, अजूनही आहे. चुकलं तर कंट्रोल आणि झेड एकत्र दाबा, झालेलं मागे फिरतं. अक्षर बारीक दिसत असेल तर चष्मा बदलण्याआधी कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून पाहा. फायलींना 'नवीन', 'नवीन नवीन' आणि 'खरंच नवीन' अशी नावं देऊ नका, तारीख घाला. पडद्यावर फायलींचा पसारा मांडू नका. टुंगटांग आवाज बंद ठेवा, डोकं शांत राहतं. सातवी युक्ती अशी: पडद्यावरची ती टोपली, म्हणजे रिसायकल बिन, दर आठवड्याला रिकामी करा. आणि सतरावी मी स्वतःसाठी घातली होती: राग आला की उठून पाणी प्या. मी दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पिते.

काकांचा फोन आला तो 'मशीन मंद चालतंय' म्हणून. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, दोन खोल्या, पुढची बसायची आणि मागचं स्वयंपाकघर. कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दाराला अगदी लागून ठेवलेला. असा का, ते मला कळलं नाही. दारातून जाता-येता कोपर लागत होतं. खुर्चीवर एक चपटी उशी नाडीनं बांधलेली होती. कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या बारीक चिठ्ठ्या चिकटवलेल्या, त्यातल्या 'त' आणि 'र' च्या झिजून पांढऱ्या पडलेल्या. मी उशीवर बसणार तोच काकांनी आतून दुसरी खुर्ची आणली.

"ह्या खुर्चीवर बसा बाई. ती जरा डुगडुगते."

ती डुगडुगत नव्हती. मी पायानं हलवून पाहिली होती.

काका कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये छत्तीस वर्षं होते. बायको जाऊन अकरा महिने झाले होते, मूलबाळ नव्हतं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी अर्ज भरल्यासारखं सांगितलं आणि मग त्याबद्दल बोलले नाहीत. असा विद्यार्थी मला आयुष्यात मिळाला नाही. बाकीची माणसं माझा कागद घेतात आणि त्यावर दुधाचं पातेलं ठेवतात. काकांनी तो पुठ्ठ्यावर चिकटवला, भोक पाडून दोरा ओवला, खिळ्याला टांगला, आणि रोज एक युक्ती पाठ करायला घेतली. मी गेले की परीक्षा दिल्यासारखं म्हणून दाखवायचे. "पाचवी युक्ती, बाई. काम करता करता दर पाच मिनिटांनी कंट्रोल आणि एस." वर पुन्हा करून दाखवायचे, दोन बोटांनी, एखाद्या कागदावर शिक्का मारावा तसं ठामपणे.

दोनच युक्त्या त्यांनी पाळल्या नाहीत, निदान मला दिसल्या त्या दोनच. एक आवाजाची. मी आवाज बंद करायला गेले तर हात मध्ये घातला.

"तो असू दे."

"अहो काका, सारखं टुंग टुंग करतं ते. वैताग येतो."

"असू दे बाई."

आणि दुसरी सातवी. त्यावर त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. नीट विचारला होता, आणि मला तो आज शब्दन् शब्द आठवतो.

"टोपलीतला कागद किती दिवस राहतो?"

"तुम्ही काढेपर्यंत राहतो."

"कोणी परस्पर काढत नाही ना? आमच्याकडे टोपलीतला कागद एक वर्ष जिवंत असायचा. पोतं शिवून, तारीख घालून ठेवायचो. वर्षानं यादी करायची, यादीवर तिघांच्या सह्या, मग नष्ट. एकदा एका माणसाचा अख्खा निकाल टोपलीत सापडला होता. तो माणूस सुटला त्यामुळे."

मी स्क्रू पिळत होते. मला पुढच्या घरी जायचं होतं. मी म्हणाले, "काका, कचरा तो कचरा. टोपलीतला कागद कोण वाचत बसतं?"

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं.

तिसऱ्या खेपेला मशीन पुन्हा मंद झालं होतं. काका दूध आणायला खाली गेले. "आलोच," म्हणाले, "तुम्ही चालू द्या." मी चालू दिलं. पडद्यावर पाहिलं तर टोपली काठोकाठ भरलेली. आत सहाशे अठ्ठेचाळीस फायली. एवढं समजावून पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून माझं डोकं फिरलं. तेव्हा उठून पाणी प्यायला हवं होतं. मी बटण दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, हे सगळं कायमचं काढून टाकायचं का? मशीनसुद्धा विचारतं, बघा. मी 'हो' म्हटलं. दोन सेकंद लागले. मग काम कसं चोख करायचं म्हणून डिस्कची साफसफाई केली, एक मोठा नवा प्रोग्रॅम उतरवून घेतला, आणि काका जिना चढून येईपर्यंत मशीन भराभरा चालू लागलं होतं. मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन.

"बाई, टोपली रिकामी दिसते."

"मग रिकामीच दिसायला हवी! सातवी युक्ती काका, तुम्हीच पाठ केलीत ना?"

 मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मला राग आला. एवढं मर मर काम करा, आणि साधं 'छान झालं' म्हणणारं कोणी नाही. ह्या धंद्यात कौतुकाची सवय ठेवून चालत नाही.

आठ दिवस गेले. माझा छोटा पेचकस सापडेना. आठवून आठवून कळलं की तो काकांकडे राहिलाय. म्हणून गेले. मला कसली टोचणी वगैरे लागली होती असं सांगायला आवडलं असतं, पण तसं काही नव्हतं. पेचकस चांगला होता.

काकांनी दार उघडलं. दाढी वाढली होती. आत पाहिलं तर कॉम्प्युटरला चहूबाजूंनी कापडी फीत बांधलेली. फितीवर कागदाची पट्टी, पट्टीवर तारीख, वेळ आणि काकांची सही. खाली ठळक अक्षरात: 'वापरू नये.'

"हे काय, काका?"

"जप्त केलंय," ते म्हणाले. "जे आहे ते जसंच्या तसं राहावं म्हणून. आणखी हात लागला तर आणखी जाईल, एवढं मला कळतं."

"पण काय गेलंय?"

मग त्यांनी मला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. घडलेलं ओळीनं सांगावं तसं, आवाज न चढवता. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांच्या बायकोच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. गेला तो गेलाच. पाटीवर लिहायचा तिला कंटाळा. म्हणायची, म्हणजे लिहायची, की मी काय शाळेत आहे? तेव्हा काकांनी हा कॉम्प्युटर घेतला. ती दिवसभर त्या उशीवर बसून टाइप करी आणि काका तोंडानं उत्तर देत. म्हणून तो स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण आजारपणात स्वयंपाक काका करत आणि ओट्यापासून तीन पावलांवर पडदा दिसायला हवा. हाक मारायची सोय तिनंच शोधून काढली होती. सेव्ह करायची चौकट उघडायची आणि मुद्दाम तिच्या बाहेर टिचकी मारायची. कॉम्प्युटरला ते चालत नाही, तो 'टुंग' करून निषेध नोंदवतो. ती हाक. मी सतरा युक्त्या छापल्या, पण ही मला सुचली नसती.

"चाळीस वर्षं मला अहो-जाहो करायची," काका म्हणाले. "टाइप करताना 'तुम्ही'ला जास्त बटणं लागतात. चौथ्या दिवशी 'तू' म्हणायला लागली. मी म्हटलं, हे काय? तर लिहिते, बोटं दुखतात. मग शेवटपर्यंत तू. मला तू म्हणणारं आता कोणी नाही. ते तिथेच होतं."

रोज संध्याकाळी ती त्या दिवसाचं पान बंद करून सांगे, टाकून दे. तिचं म्हणणं, बोलणं कोणी साठवतं का? लोक बोलतात आणि ते हवेत जातं. माझंही जाऊ दे. मला लोकांसारखं राहू दे. काका तिच्यासमोर पान टोपलीत टाकत. शब्द पाळल्यासारखाही झाला आणि टोपलीतला कागद तर जिवंतच असतो. छत्तीस वर्षांचा अनुभव होता तो. ती गेल्यावर रोज सकाळी एक पान टोपलीतून बाहेर काढायचे, वाचायचे, पुन्हा टोपलीत टाकायचे.

"अहो, मग दुसरी प्रत तरी काढून ठेवायची! सोळावी युक्ती!" मी ओरडले. ओरडले म्हणजे काय, चोराच्या उलट्या बोंबा.

"ती टाकून दे म्हणाली होती," काका म्हणाले. "प्रत काढणं म्हणजे शब्द मोडणं झालं असतं."

मी उठून पाणी प्यायले. स्वयंपाकघरात एकच पेला धुऊन पालथा घातलेला होता. तो सुलटा करून प्यायले, धुतला, पुन्हा पालथा घातला.  शेवटी सांगितलं की पुसलेलंही कधीकधी परत काढता येतं. टोपली रिकामी केली तरी मजकूर लगेच जात नाही, फक्त त्याची जागा मोकळी आहे असं मशीन समजतं, आणि दुसरं काही त्या जागेवर बसेपर्यंत तो खाली असतो. काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. कारण दुसरं काहीतरी त्या जागेवर मीच आणून बसवलं होतं, मोठा नवा प्रोग्रॅम, चोख कामासाठी.

"डिस्क मी घरी नेते," मी म्हणाले.

"रेकॉर्ड इमारतीबाहेर जात नाही, बाई."

म्हणून मी माझं मशीन तीन जिने चढवून त्यांच्याकडे आणलं. काकांनी पट्टीवरची सही मला दाखवली, शाबूत असल्याचं मला मान्य करायला लावलं आणि मगच फीत कापली. तीन दिवस मी दुपारभर तिथे बसले. डिस्कचा कानाकोपरा शोधायला मशीनला वेळ लागतो. माणसाला नुसतं बसून पट्टी सरकताना बघावं लागतं. काका मागे उभे राहत. बसा म्हटलं तरी बसत नसत. एकदाच म्हणाले, "शेवटचं पान बघा. सहाशे अठ्ठेचाळीस. बाकीचं जेवढं मिळेल तेवढं."

सदतीस मिळाली. त्यातली नऊ अर्धवट, मध्येच अक्षरांची खिचडी झालेली. शेवटचं पान मिळालं नाही. मी तीनदा शोधलं, दुसऱ्या प्रोग्रॅमनं शोधलं, माझ्या ओळखीच्या ओळखीतल्या एका जाणकाराला फोन करून शोधलं. नाहीच.

मिळालेलं मी बारकाईनं वाचलं नाही, पण नजर पडतेच. 'दूध उतू जातंय. बघ.' 'परत तोच सदरा. धू तो.' 'खालची बाई जिन्यात हसली. मी पण हसले. हसायला आवाज लागत नाही.' 'आज बोलायचं नाही. कंटाळा आलाय.' असलंच सगळं. घरात माणसं बोलतात तसलं. माझ्या घरी मी तसलं शेवटचं कोणाशी बोलले ते मला आठवेना. मी आणि बहीण फोनवर बोलतो, पण फोनवर कोणी दूध उतू जातंय असं सांगत नाही.

मी म्हणाले, "काका, मजकूर तर तुम्हाला पाठ असेल. रोज वाचत होतात. बसून लिहून काढू. मी टाइप करते."

"मतलब आठवतो," ते म्हणाले. "शब्द नाही आठवत. शेवटच्या दिवशी खिडकीबद्दल लिहिलं होतं. 'खिडकी उघड' होतं, की 'खिडकी उघडतोस का' होतं, ते आता सांगता येत नाही. दोन्ही ती म्हणू शकते. एकात ती दमलेली आहे आणि एकात नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा खरं कळलं मी काय केलं ते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून एक जाडजूड वही काढली. रेकॉर्डवाला माणूस, नोंदवही नसेल असं कसं होईल? प्रत्येक पानाची नोंद होती. क्रमांक, तारीख, विषय आणि शेरा. विषयात तिच्या पानाचा एक शब्द. आणि शेऱ्यात त्यांनी स्वतः काय उत्तर दिलं ते. तिचं बोलणं मशीनमध्ये आणि त्यांचं वहीत, अशी ती वाटणी होती. माझ्या कृपेनं आता एकाच बाजूचं उरलं होतं.

काकांनी पट्टी आणि पेन्सिल घेतली आणि प्रत्येक पानावर उजवीकडे दोन उभ्या रेघा ओढल्या. एका रकान्यावर लिहिलं, 'नष्ट होण्याचं कारण', दुसऱ्यावर 'सही'.

"न सापडलेल्या पानांच्या सहाशे अकरा नोंदी आहेत," ते म्हणाले. "प्रत्येकीसमोर तुम्ही कारण लिहायचं आणि सही करायची."

"प्रत्येकीसमोर? अहो, खाली एकदाच लिहिते ना, की अमुकपासून तमुकपर्यंत..."

"तसं चालत नाही, बाई."

मी पहिल्या ओळीत लिहायला घेतलं, 'चुकून'. त्यांनी पेनावर बोट ठेवलं.

"चुकून हे कारण होत नाही. आग लागली, वाळवी लागली, पाणी शिरलं, ही कारणं. कारण लिहा."

मी पुष्कळ वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, 'न विचारता'. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि चहा टाकायला आत गेले.

पुढचे वीस-बावीस दिवस मी रोज चारला तिथे जात होते. दिवसाला तीसेक नोंदी होत, जास्त नाही. कारण सही करायची तर ओळ वाचायला लागते. 'क्र. ८८. विषय: सदरा. शेरा: धुतो म्हणालो. धुतला नाही.' न विचारता, सही. 'क्र. २०३. विषय: तिची बहीण. शेरा: गप्प बसलो. बसायला नको होतं.' न विचारता, सही. 'क्र. ३१७. विषय: मीठ. शेरा: भांडण. माझी चूक.' मग चारशे दहापासून ओळीनं सहा नोंदी, विषय दवाखाना, आणि शेरा सगळीकडे तोच: 'होईल बरं, म्हणालो.' मी सहा वेळा सही केली.  

खरं सांगायचं तर पहिले चार दिवस मला तो छळ वाटला. म्हातारा सूड उगवतोय, असं मी बहिणीला म्हटलं. पाचव्या दिवसापासून मी साडेतीनलाच निघायला लागले. कोणाच्या घरात काय चालायचं हे मी इतकी वर्षं फक्त मशीनच्या मागच्या बाजूनं पाहिलं होतं, धुळीच्या बाजूनं. इथे मला एका बाईच्या घरातल्या दोन वर्षांतला प्रत्येक दिवस माहीत होत होता आणि ती काय म्हणाली तेवढं मात्र माहीत नव्हतं. ते कुठल्याच डिस्कवर नव्हतं. एकदा मी न राहवून विचारलं, "काका, राग नाही का येत माझा?"

"आला होता," ते म्हणाले. "अजून येतो. रात्री जेवताना येतो. पण तिला विचाराल तर ती तुमच्या बाजूनं बोलेल. तिच्या मनासारखं झालं. टाकून दे म्हणत होती, कोणीतरी टाकलं. मला जमलं नसतं ते." हे ते माझं समाधान करायला म्हणाले नव्हते. तसं असतं तर माझ्याकडे बघून म्हणाले असते. ते कॉम्प्युटरकडे बघत होते.

माझ्या घरी मी एकदा माझी टोपली उघडून पाहिली. माझ्या मशीनची टोपली कायम रिकामी असते, मी दर आठवड्याला काढते. पण समजा काढली नसती, तरी तिच्यात काय असतं? जुन्या पावत्या आणि माझ्याच कागदाचे जुने मसुदे.

शेवटच्या दिवशी अकरा नोंदी उरल्या होत्या. त्या संपल्या. 'क्र. ६४८. विषय: खिडकी. शेरा: उघडली.' मी लिहिलं, न विचारता. सही केली, खाली तारीख घातली. काकांनी वही उलटसुलट तपासली, एक राहिलेलं टिंब माझ्याकडून देववलं आणि वहीला फीत बांधली.

"झालं," ते म्हणाले. "आता तुम्हाला यायला नको."

"नाही. आता काही काम नाही." मी म्हणाले. "ती सदतीस पानं मशीनमध्ये नीट एका ठिकाणी ठेवून देते आणि निघते. आणि काका, टोपलीत नाही ठेवत. वेगळ्या कप्प्यात ठेवते. चालेल ना?"

ह्यावेळी विचारलं मी.

त्यांनी बराच विचार केला. "टोपलीतच ठेवा," ते म्हणाले. "तिनं सांगितलं होतं तिथेच." आणि चहा टाकायला आत गेले.

मी त्या दुसऱ्या खुर्चीवर बसून सगळी पानं सारखी केली. यादीला नाव दिलं, तारीख घातली, आणि सेव्हची चौकट उघडून बसले होते. डोळ्यांत काहीतरी आलं म्हणून चष्मा काढला, हात माऊसवर पडला आणि चौकटीच्या बाहेर टिचकी बसली.

टुंग.

"आलो, आलो," आतून आवाज आला.

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. माझ्याशी काका असे बोलत नसत. त्यात जरा त्रास होता, जरा घाई होती, आणि हातातलं टाकून येणाऱ्या माणसाचं एक लाडीक कुरकुरणं होतं. मागोमाग तीन पावलं वाजली आणि हात पुसायचं फडकं हातात घेऊन काका दारात उभे राहिले. नजर थेट पडद्यावर. काय लिहिलंय ते वाचायला.

पडद्यावर काही नव्हतं. चौकट होती आणि मागे कोरं पान.

मग त्यांनी मला पाहिलं.  ते उशी बांधलेल्या खुर्चीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले, फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"काही हवंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. चुकून लागलं."

"बरं."

ते परत आत गेले. पाणी उकळायला लागल्याचा आवाज येत होता. मला फार वाटलं की त्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहावं, एखादी ओळ, 'साखर कमी घाल' असली. पण ती जागा माझी नव्हती आणि मला ते 'तू' म्हणणं शोभलंही नसतं. मी पानं टोपलीत ठेवली, चहा घेतला आणि घरी आले. आवाज बंद केला नाही. सातवी युक्ती मी कागदावरून काढून टाकली आहे, बैल गेला नि झोपा केला तशी. आता कागदावर सोळाच आहेत, आणि काकांचा फोन अजून तरी पुन्हा आलेला नाही.